हसण्याचा शॉट

सिनेमात मेलेला माणूस शूटिंग संपल्यावर शवपेटीतून उठून बसतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि हसतो. तो तुकडा सिनेमात कधीच लागत नाही. पण तो घेतल्याशिवाय वर्की चेट्टन कॅमेरा पेटीत घालू देत नाही, आणि वर्की चेट्टनपुढे मलयाळम सिनेमातल्या भल्याभल्यांचं काही चालत नाही. पस्तीस वर्षं तो, सगळ्यांचा चेट्टन म्हणजे थोरला भाऊ, शूटिंगची व्यवस्था बघतोय. जेवण, गाड्या, परवानग्या, रुसवेफुगवे, सगळं त्याच्याच गळ्यात. "वरच्याला कळायला नको का, की हे खोटंखोटं होतं म्हणून? नाहीतर तो आपला वहीत नाव लिहून मोकळा व्हायचा," एवढंच त्याचं म्हणणं.

ऐरिनला हे हसणं अगदी लहानपणापासून माहीत होतं, कारण माणसं मारण्यात तिच्या पप्पांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ईपन चाको म्हटलं की लोक आधी दाराची कडी तपासायचे. त्यांचे पहिले तीन सिनेमे भुताचे. 'विहिरीतली बाई' पाहून आल्यावर त्यांच्या डोंगरावरच्या निम्म्या विहिरींवर लोखंडी जाळ्या बसल्या होत्या, ही काही थाप नाही. पण ऐरिन त्या बाईला कधीच घाबरली नाही. तिने तो न लागलेला तुकडा पाहिला होता ना! केसात शेवाळ, ओठ निळेजांभळे, आणि ती बाई खुदकन हसून म्हणते, "झालं का? मला शिंक येतेय."

भुतांनंतर पप्पांनी घरादारांचे सिनेमे काढले. दोन काढले, आणि लोक रडून रडून बाहेर आले. पेपरवाले विचारायचे, हे कसं जमलं बुवा? पप्पा म्हणायचे, त्यात काय, मी काही बदललोच नाही. जिथे बाकीचे दिग्दर्शक "कट" म्हणतात तिथे मी गप्प बसतो आणि मनात दहा आकडे मोजतो. भुताच्या सिनेमात त्या दहा आकड्यांत माणूस मागे वळून बघतो. घरच्या सिनेमात त्याला आपली आई आठवते.

नवा सिनेमा अप्पाच्चनचाच होता. अप्पाच्चन म्हणजे पप्पांचे वडील, चाको फोटोग्राफर. डोंगरावर कोणी गेलं की पाद्र्याच्या आधी चाकोला निरोप जायचा. शवपेटीचं डोकं जरासं उचलून धरायचं, सगळं घर भोवती उभं करायचं, आणि अप्पाच्चन काळ्या कापडाखालून ओरडायचे, "सगळ्यांनी इकडे बघा! थोरले, हनुवटी वर!" बेचाळीस वर्षं हेच. त्या फोटोंत पेटीतल्या माणसाकडे कोणीच बघत नसायचं. गावातल्या दर घराच्या दिवाणखान्यात तसला एक फोटो आहे, आणि पाहुण्याला चहाबरोबर तो दाखवतात.

सिनेमातही शेवटी तो म्हातारा फोटोग्राफर मरतो. त्याचं काम करणारे मोठे नट बुधवारी संध्याकाळी कंबर धरून बसले ते उठलेच नाहीत. आणि चर्च मिळालं होतं एका गुरुवारपुरतं, कारण शुक्रवारपासून तिथे सणाची तयारी लागणार होती. नाताळचे कागदी तारे उतरवायला कालच चार माणसं लागली होती, ती मेहनत वेगळीच.

गुरुवारी सकाळी पप्पांनी काळ्या कॉफीचा पेला हातात घेऊन सहज विचारावं तसं विचारलं, "अप्पाच्चा, तुम्ही झोपाल का पेटीत? चेहरा तुमचाच तर आहे."

अप्पाच्चन एकोणऐंशीचे. त्यांनी उकडलेल्या कप्पाकंदाचा घास सावकाश गिळला. "एवढ्या लोकांना नीट झोपवलंय," ते म्हणाले, "मला न जमायला काय झालं?"

"मग हसण्याचा शॉट पण द्यायचा हं," ऐरिन म्हणाली.

"देतो की. दात लावून येतो."

ऐरिनकडे त्या सिनेमात खरंखुरं काम होतं. शॉट जुळवायचं काम करणाऱ्या चेचीला, म्हणजे ताईला, कावीळ झाली होती, आणि ऐरिनची अकरावीची नाताळची सुट्टी चालू होती. तिने ते काम मागून घेतलं, मागून कसलं, ओढूनच घेतलं. गळ्यात पेन, हातात जाड वही. जपमाळ कुठल्या हातात होती, मेणबत्ती किती जळली होती, पहिल्या टेकला पदर कुठे होता, सगळं तिला ठाऊक. दाढीमिशावाले बाप्ये तिच्याजवळ येऊन विचारायचे, "ऐरिन, छत्री उजव्या हातात की डाव्या?" आणि ती वहीची पानं उलटेपर्यंत गपचूप उभे राहायचे. असं तिला शाळेत कोणी कधी थांबून ऐकलं नव्हतं.

दुसरंही एक काम तिच्याकडे होतं, आणि ते आयर्लंडहून आलं होतं. तिची अम्मा तिथे नर्स आहे. तिची फोनवरची एकच रट: "अप्पाच्चनला इन्सुलिन दिलं की अर्ध्या तासाच्या आत ताट समोर पाहिजे. कोणाचंही ऐकायचं नाही. पप्पांचं तर मुळीच नाही."

बारा वाजून दहा मिनिटांनी ऐरिनने सुई दिली. वहीच्या कोपऱ्यात वेळही लिहिली. चर्चमागच्या मांडवात मासळीच्या कालवणाचा वास सुटला होता. बारा चौदाला सूर्य ढगाआड गेला आणि सगळं आवार राखेसारखं, एकसारखं करडं झालं. सकाळपासून पप्पा ह्याच उजेडाची वाट बघत होते.

"अप्पाच्चनला पेटीत घ्या," ते म्हणाले. "पटकन."

"पप्पा, जेवण."

"दहा मिनिटं, मोळे. हा ढग माझ्या सांगण्यावरून थांबणार आहे का?"

"सुई दिलीये."

"दहा मिनिटं म्हटलं ना."

अप्पाच्चनच पुढे झाले. पांढरा शर्ट, पांढरे मोजे, आणि दोन्ही हातांत पांढरे हातमोजे. त्यांच्या लोकांत वरच्या दारी असंच पाठवतात, हात झाकून. डोक्यावर कापडी फुलांचा मुकुट चढला. पेटीत बसताना ते वर्की चेट्टनला म्हणाले, "जरा आखूडच मापाची घेतलीस रे."

"भाड्याची आहे, चाकोचेट्टा. मापाची तुमच्यासाठी नंतर करू," वर्की म्हणाला, आणि बोलल्यावर त्याने स्वतःच स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली.

पेटी चर्चच्या पायऱ्यांखाली ठेवली होती. भोवती दोरी, दोरीच्या आत घरच्या माणसांची कामं करणारे नट. कॅमेरा लांब, शाळेच्या व्हरांड्यात. पप्पा त्याच्याही मागे, काळ्या कापडाच्या तंबूत मॉनिटरसमोर. पेटीच्या कडेच्या फुलांच्या चक्रात रेहाना चेचीने माइक दडवला होता. रेहाना चेची आवाज घेणारी. तिच्याकडचा एक जास्तीचा हेडफोन ऐरिनच्या कानावर असायचा, संवाद टिपून घ्यायला. आत्ता संवाद नव्हता. कानात फक्त अप्पाच्चनचा श्वास येत होता. ह्या अंतरावरून पेटी काडेपेटीएवढी दिसत होती आणि श्वास मात्र आपल्याच उशीवर असल्यासारखा. 

पहिला टेक गेला. रडायला आणलेल्या बायका फारच रडल्या. दुसऱ्यात एक जण हसली.

"घंटा हवी," पप्पा म्हणाले. "खरी. घंटेने तोंडं आपोआप बंद होतात."

आता, घंटेला पाद्र्यांनी साफ नाही म्हटलं होतं. ती खेळायची गोष्ट नव्हे, ती गेल्याची वर्दी आहे. पण पाद्री बिशपांकडे बैठकीला गेले होते, आणि घंटा वाजवणारा कपियार पप्पांच्या वर्गातला होता. पप्पा स्वतः जाऊन त्याच्याशी दोन मिनिटं बोलले. तो डोकं खाजवत मनोऱ्याकडे गेला.

एक ठोका. मग इतका वेळ शांत, की वाटावं संपलं. मग दुसरा.

बारा तीस. ऐरिनने वहीत लिहिलं आणि त्या आकड्याखाली दोनदा रेघ मारली.

तिसरा टेक चालू असताना रबराच्या बागेतून पहिली छत्री आली.

मग आणखी दोन. मग पांढरा चट्टा झंपर आणि लुंगीसारखं मुंडू नेसलेल्या तीन म्हाताऱ्या, एकमेकींचे हात धरून. मग दुकान अर्धवट लावून आलेला माणूस, त्याच्या हातात अजून कुलूप.  दोरीपाशी येऊन उभे राहत होते आणि क्रूसाची खूण करत होते.

ऐरिनला आधी वाटलं, वर्कीने आणखी माणसं मागवली. मग तिने त्यांतली एक म्हातारी ओळखली. ती त्यांच्या मागच्या घरची होती.

काय झालं होतं ते तिच्या हळूहळू ध्यानात आलं. गावातलं कोणी गेलं की चौकात फोटोचा मोठा बोर्ड लागतो. सिनेमातही तसा बोर्ड होता, आणि नट बदलल्यामुळे सजावटवाल्यांनी सकाळी घाईघाईने अप्पाच्चनचाच फोटो छापून तो चौकात टांगला होता. शूटिंग तिथे उद्या होतं. खाली नाव सिनेमातल्या म्हाताऱ्याचं होतं, पण चाको फोटोग्राफरचा चेहरा दिसल्यावर नाव कोण वाचतंय? त्यावर आता घंटा. आणि कॅमेऱ्यांचं म्हणाल तर हल्ली कुठल्या अंत्यविधीला कॅमेरे नसतात? कुवेत, कॅनडाला लेकरं बसलेली असतात, त्यांना सगळं थेट दाखवावं लागतं. त्यातून हा तर सिनेमावाल्याचा बाप. मोठा कॅमेरा असणारच.

वर्की चेट्टन वाकून तंबूत शिरला. ऐरिन तिथेच दाराशी होती.

"ईपन, हे लोक खरोखर आलेत."

"दिसतंय मला."

"जाऊन सांगतो, शूटिंग आहे म्हणून."

"सांगितलंस तर जातील."

"मग जाऊ दे ना. त्यांना वाटतंय माणूस गेला."

पप्पांनी मॉनिटरवरची नजर हलवली नाही. पडद्यावर त्या म्हातारीचा चेहरा होता. ती रडत नव्हती. नुसती ओठ दुमडून उभी होती. "वर्की चेट्टा," पप्पा हळू म्हणाले, "दोन दिवस मी त्या भाड्याच्या बायांना सांगतोय, असं उभं राहा म्हणून. कोणाला जमलं नाही. चालू ठेवा."

"पप्पा, बारा चाळीस," ऐरिन म्हणाली.

"शेवटचा. मोठा घेऊन टाकू एकदाच. मग जेवण, मग ते हसणं."

"हसणं आधी घ्या," वर्की म्हणाला. "माझं ऐक. एवढ्या डोळ्यांनी ह्यांना मेलेलं बघितलंय, आता खेळ राहिला नाही हा."

"अॅक्शन," पप्पा म्हणाले.

दोरीच्या आतल्या नटांनाही काय करावं कळेना. ते होते तसे उभे राहिले. लोक एकेक करून पेटीच्या पायाशी फुलं ठेवू लागले. "सिनेमावाले किती आलेत बघ," कोणीतरी कुजबुजलं. ते हेडफोनमध्ये स्पष्ट आलं. मग दुसरा आवाज, "पण ईपन कुठाय गं? बापाजवळ मुलगा नको?"

"असेल कुठेतरी रडत."

पप्पांच्याही कानावर हेडफोन होता. त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी फक्त कॅमेरावाल्याला हाताने खूण केली, जवळ घे.

आणि मग औसेप चेट्टन आले.

गावात हे कोणाला सांगावं लागत नाही की औसेप आणि चाको बोलत नव्हते. अकरा वर्षं. एकाच बाकावर शिकलेले, एकाच दिवशी लग्न केलेले दोघं, आणि रस्त्यात भेटले तर एक जण रबराच्या बागेत शिरायचा. औसेप चेट्टनची बायको गेली तेव्हा फोटो अप्पाच्चननेच काढला होता, त्यानंतरची ही गोष्ट. नेमकं काय झालं ते कोणाला ठाऊक नव्हतं. ऐरिनने एकदा विचारलं होतं, तर अप्पाच्चन दोन दिवस तिच्याशीही बोलले नव्हते.

औसेप चेट्टनना आता धड दिसत नाही. नातवाच्या खांद्यावरचा हात सोडून ते दोरी चाचपत आले. नटांनी वाट दिली. त्यांनी पेटीची कड पकडली आणि ते वाकले. मग त्यांचा आवाज ऐरिनच्या कानात आला, थेट कानाच्या पडद्यावर.

"चाको. मी आहे."

श्वास. अप्पाच्चनचा श्वास मघापेक्षा उथळ झाला होता. तो मधेच अडखळला.

"तू म्हणालास, औसेप, इकडे बघ. तुझा दिवा लागला नाही. परत म्हणालास. तीनदा. मी तिन्ही वेळा तुझ्याकडे बघितलं रे. आणि वळलो तर त्यांनी झाकण लावलं होतं. तिला शेवटचं बघायचं राहूनच गेलं माझं." ते थांबले. त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला. "तुझं कामच होतं ते. मलाही कळायचं. पण मी काय, हट्टी गाढव. काल येईन, आज येईन करत राहिलो. आता आलोय तर तू हा असा."

रेहाना चेचीने ओठावर हात दाबून धरला होता. ऐरिनने तंबूत बघितलं. पप्पांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्याचवेळी त्यांची बोटं गुडघ्यावर एकेक करून वर येत होती. तीन. चार. पाच. ते मोजत होते.

ऐरिनला आयुष्यात पहिल्यांदा पप्पांची भीती वाटली. विहिरीतल्या बाईची नाही वाटली ती.

औसेप चेट्टनने अप्पाच्चनचा पांढरा हातमोजा उचलला, ओठांना लावला आणि परत ठेवला. हात ठेवताना तो घसरला आणि पेटीच्या कडेवर लटकून राहिला. कोणी तो सावरला नाही. अप्पाच्चननेही नाही.

आता बघा, हे फक्त ऐरिनच बघू शकत होती, कारण तेच तिचं काम होतं. तिच्याजवळ आधीच्या तिन्ही टेकचे फोटो होते. पहिल्या टेकमध्ये हातमोजे कोरडे, इस्त्रीची घडी दिसत होती. मॉनिटरवर आत्ता जो हात लटकत होता त्याचा हातमोजा ओला होता. चिंब. वरच्या ओठावर घामाचे मणी होते. वर ढग होता, वारा सुटला होता, पेटीच्या झालरी हलत होत्या, आणि अप्पाच्चनच्या अंगातून घाम निथळत होता. मेलेल्या माणसाला घाम येत नाही. आणि नाटक करणाऱ्या माणसाचा हात असा लटकत नाही.

बारा छप्पन.

कानातला श्वास एकदा आला. मग आला नाही. ऐरिन वाट बघत राहिली. ती सुद्धा मोजायला लागली होती की काय कोण जाणे. मग दूर कुठेतरी, गाळातून वर यावा तसा, घरघरत एक आला.

"पप्पा, थांबवा."

"श्श."

"पप्पा, त्यांची साखर उतरलीये."

"आठ," पप्पा पुटपुटले.

सेटवर "कट" म्हणायचा हक्क एकाच माणसाचा. आग लागली तरी बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, हे ऐरिनला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. तिने हेडफोन काढून फेकला आणि व्हरांड्यावरून उडी मारली. कॅमेऱ्यासमोरून, त्या सुंदर करड्या उजेडातून, छत्र्यांमधून ती धावत सुटली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "कट! कट! उठवा त्यांना!"

लोकांना वाटलं, नातीला दुःख सहन झालं नाही. दोघी बायकांनी तिला धरलं. "रडू नकोस गं बाळे, गेले ते."

"गेले नाहीत! साखर द्या कोणीतरी! साखर!"

वर्की चेट्टन तिच्या मागोमाग येतच होता. अख्खा चहाचा डबाच उचलून आणला त्याने. ऐरिनने अप्पाच्चनच्या गालाच्या आत बोटाने साखर चोळली, अम्माने शिकवलं होतं तसं, थोडी थोडी. फुलांचा मुकुट त्यांच्या कानावर घसरला होता. भोवती शंभरेक माणसं उभी होती. रेहाना चेचीने फोन करून दवाखान्याची गाडी मागवली. खाली घाटातून वर यायला तिला पंचवीस मिनिटं लागतात.

काही मिनिटं गेली. ऐरिनला किती ते सांगता येणार नाही, ती वही व्हरांड्यातच पडली होती.

मग अप्पाच्चनची जीभ हलली. त्यांनी साखर गिळली. डोळे उघडले.

मागच्या घरची म्हातारी "येशुवे" म्हणून खालीच बसली. कोणीतरी पळालं. दुकानदाराच्या हातातलं कुलूप फरशीवर आदळलं. भाड्याच्या रडणाऱ्या बायका मात्र आता खऱ्या रडायला लागल्या.

पप्पा आले. डोळ्यांवर अजून तंबूतला अंधार असल्यासारखे ते चालत आले. त्यांनी अप्पाच्चनच्या पाठीला हात घालून त्यांना बसवलं. वर्कीने साखरेच्या चहाचा पेला तोंडाला लावला. 

"डावा हात," अप्पाच्चन शेवटी म्हणाले. "मुंग्या आल्यात."

"अप्पाच्चा, मी," पप्पा म्हणाले.

"लोकांना सांगितलं नव्हतंस?"

पप्पांनी मान खाली घातली.

"मला ऐकू येत होतं सगळं," अप्पाच्चन म्हणाले. "तो बोलत होता तेव्हा उठणार होतो मी. म्हटलं, आत्ता उठलो तर लाजेने मरेल बिचारा. त्याचं बोलणं होऊ दे, मग उठतो. नंतर उठताच येईना."

तेव्हा कुठे सगळ्यांना औसेप चेट्टनची आठवण झाली. ते तिथेच होते, दोरीला धरून. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं, शूटिंग होतं म्हणून. त्यांचा चेहरा ऐरिनला बघवेना.

"औसेपा," अप्पाच्चनने हाक मारली.

औसेप चेट्टनने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "तीनदा फोटो काढलास तेव्हा," ते अगदी शांतपणे म्हणाले, "निदान तुझा दिवा बिघडला होता. आज काय बिघडलं होतं?"

त्यांनी दोरीवरचा हात काढला.

"मी तुझा निरोप घेतलाय, चाको. नीट घेतलाय. आता दुसऱ्यांदा यायचा नाही मी. ज्या दिवशी खरा जाशील त्या दिवशीही नाही." त्यांनी नातवाचा खांदा शोधला आणि ते वळले.

लोक त्यांच्यामागून निघाले. त्यांनी पायाशी ठेवलेली फुलं काही जणांनी उचलून परत नेली. एक म्हातारी आपली मेणबत्ती फुंकून पिशवीत घालत होती.

वर्की चेट्टन पप्पांच्या जवळ सरकला.  "ईपन, हसण्याचा शॉट. आत्ता घे. ह्यांना असंच घरी न्यायचं नाही. मी नेऊ देणार नाही."

"हो," पप्पा म्हणाले. "हो, हो. कॅमेरा लावा." त्यांना करायला काहीतरी मिळालं. ते वळून व्हरांड्याकडे धावलेसुद्धा. तिथून त्यांचा नेहमीचा आवाज आला, "चालू! अप्पाच्चा, इकडे बघा! इकडे, माझ्याकडे! एकदाच हसा!"

अप्पाच्चन पेटीत बसले होते, मांडीवर मुकुट, हातात चहाचा पेला. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. ऐरिन त्यांच्या खांद्याशी उभी होती. त्यांचा चेहरा हलला नाही.

"हसा ना, अप्पाच्चा," ऐरिन म्हणाली. "माझ्यासाठी. तुम्ही म्हणाला होतात."

"येत नाहीये, मोळे."

"खोटं हसा."

"खोटं पुष्कळ झालं." त्यांनी पेला तिच्या हातात दिला. "त्याला सांग, तिथून उतर म्हणावं. औसेपला घेऊन ये. त्याच्यासमोर हसेन मी. नाहीतर नाही."

ऐरिनने ते ओरडून सांगितलं. पप्पा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. त्यांनी एकदा मॉनिटरकडे बघितलं, त्यात अजून सगळं चौकटीत छान बसलेलं असणार. मग ते पायऱ्या उतरले. चौकटीतून, पेटीच्या शेजारून, बापाकडे न बघता गेले आणि रबराच्या बागेतल्या पायवाटेला लागले. आधी चालत, मग धावत.

वरून सगळं दिसत होतं. झाडांच्या सरळ रांगांमधून औसेप चेट्टनची काळी छत्री हळूहळू खाली जात होती. पप्पांनी तिला गाठलं. छत्री थांबली. पप्पांचे हात हलत होते, वर, खाली, छातीशी. छत्री वळली नाही. मग पप्पा त्या ओल्या पाचोळ्यात गुडघ्यांवर बसले. ऐरिनने तसं अप्पाच्चनना सांगितलं.

"कार्ड भरत आलंय," कॅमेरावाला म्हणाला. "बंद करू?"

"हात लावशील तर बघ," वर्की चेट्टन म्हणाला. तो पेटीच्या दुसऱ्या बाजूला, अगदी चिकटून उभा होता, जणू कोणी झाकण आणेल.

ढग सरकला आणि आवारात ऊन पडलं. मघाचा एकही शॉट आता ह्याच्याशी जुळणार नव्हता. घाटात खाली गाडीचा भोंगा ऐकू आला, लांब. ऐरिनने अप्पाच्चनचा ओला हातमोजा काढला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो अजून गार होता.

"उठला का गं तो?" अप्पाच्चनने विचारलं. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"नाही अजून," ऐरिन म्हणाली.

"आणि औसेप?"

छत्री तिथेच होती. पुढे जात नव्हती. वळतही नव्हती.

"उभे आहेत," ती म्हणाली.

अप्पाच्चनने मान हलवली आणि ते कॅमेऱ्याकडे बघत बसून राहिले.